रस्त्यात बोटीची बॅटरी चार्ज करायची आहे: गाडीपासून ट्रेलरपर्यंत काय लावावं?

सिमरोळ_घाट
नमस्कार मंडळी. तलावांच्या गाळमोजणीसाठी ट्रेलरवरची १४ फुटी ॲल्युमिनियमची बोट आहे, इंदूरहून ने-आण होते. बोटीत दोन बॅटऱ्या: आउटबोर्ड (बोटीच्या मागे बसवलेलं) इंजिन सुरू करायला १२ व्होल्ट ७० अँपिअर-तासाची, आणि ट्रोलिंग मोटर (बोट संथ चालवणारी विजेची मोटर) व इकोसाउंडरसाठी (ध्वनीने खोली मोजणारं यंत्र) १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची डीप सायकल (खोलवर उतरवून पुन्हा भरता येणारी), पाणी भरायची लेड-ॲसिड. मोटर ५५ पौंड थ्रस्टची. मोजणीच्या रेषा संथ माराव्या लागतात, त्यामुळे सगळा भार याच बॅटरीवर. सकाळी एक तलाव, दुपारी दुसरा असं असलं की दुसरीकडे पोचेपर्यंत बॅटरी निम्म्यावर आलेली असते आणि काठावर वीज नसते. गाडी बीएस-६ डिझेल एसयूव्ही, दोन तलावांमधला रस्ता साधारण दोन तासांचा.

ट्रेलरच्या दिव्यांसाठी सात पिनांचं सॉकेट गाडीला आहेच. त्यातूनच एक वायर बॅटरीला दिली तर भागेल का? नसेल तर रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच), डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारा बॅटरी चार्जर) की इन्व्हर्टर (१२ व्होल्टचे २३० करणारा)?

ताम्रपट
नाही भागणार. सात पिनांच्या गोल प्लगात दोन इंडिकेटर, ब्रेक, दोन टेललाइट, मागचा फॉगलाइट आणि अर्थ, बस. चार्जिंगला पिनच नाही. फॉगलाइटची पिन त्यासाठी पळवणारे लोक आहेत, पण ती वायर १ ते १.५ चौ. मिमीची आणि तिचा फ्यूजही त्याच मापाचा. तेरा पिनांच्या प्लगात ९ आणि १० नंबरवर १२ व्होल्ट मिळतं, पण तिथेही वायर साधारण २.५ चौ. मिमीचीच येते.

अँपिअर_तास
आकडे मांडतो, म्हणजे वाद राहणार नाही. तांब्याच्या १ चौ. मिमी वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१७५ ओहम. गाडीच्या बॅटरीपासून बोटीतल्या बॅटरीपर्यंत ९ मीटर धरा, परतीची वायर धरून १८. दीड चौ. मिमीला एकूण रोध ०.२१ ओहम. त्यातून १० अँपिअर गेले तर २.१ व्होल्ट वायरीतच जिरतात. अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारा गाडीचा जनित्र) १४.२ देत असेल तर पलीकडे उरले १२.१. अर्धी उतरलेली बॅटरीच स्वतः १२.२ दाखवते, मग भरणार काय?

अर्थात प्रवाह आपोआप कमी होतो, त्यामुळे ४-५ अँपिअर तरी जातात. दोन तासांत ८-१० अँपिअर-तास. तुमच्या मोटरीला संथ गतीत १२-१५ अँपिअर लागत असतील, तर ही सगळी कमाई ४० मिनिटांत संपली.

खंडवा_रोड
म्हणजे १६ चौ. मिमी टाकली की प्रश्न मिटला ना?

देवास_नाका
जुन्या गाडीवर मिटला असता. बीएस-६ वर नाही. या गाड्यांपैकी बऱ्याच जणींचा अल्टरनेटर इंजिनाच्या कंप्युटरच्या ताब्यात असतो. गाडीची स्वतःची बॅटरी भरली की तो व्होल्टेज साडेबाराच्या आसपास सोडून देतो, डिझेल वाचवायला. ब्रेक मारला किंवा उतार लागला की एकदम १५ पर्यंत चढवतो. सिमरोळपासून भेरूघाटापर्यंत मल्टीमीटर लावून बसा, सगळा चढउतार दिसेल. तार मनगटाएवढी जाड टाकली तरी उगमालाच साडेबारा असतील तर पुढे साडेबाराच जाणार.

म्हणून व्होल्टेज पाहून चालू-बंद होणारा रिलेही (व्हीएसआर) या गाडीवर नीट चालत नाही. तो साधारण १३.३ ला जोडतो, १२.८ ला तोडतो. सपाट रस्त्यावर अर्धा वेळ तुटलेलाच राहील.

अँपिअर_तास
सहमत. रिलेचा आणखी एक दोष: जोडलेला असताना प्रवाह दोन्हीकडून जाऊ शकतो. गाडी सुरू आहे, प्लग लागलेला आहे आणि कोणी बोटीचं इंजिन तपासायला स्टार्टर मारला, तर तो ओढ गाडीच्या बॅटरीवरूनही घेतो. फ्यूज उडाला तर नशीब, नसेल तर वायर तापते.

उत्तर डीसी-डीसी चार्जरच. आत येणारं व्होल्टेज ११ असो की १५, बाहेर तो बॅटरीच्या जातीप्रमाणे टप्प्याटप्प्याने देतो: आधी पूर्ण प्रवाह, मग १४.४ च्या आसपास स्थिर व्होल्टेज, मग १३.५ च्या आसपास फ्लोट (भरलेली बॅटरी भरलेली ठेवणारं व्होल्टेज). उलटा प्रवाह जात नाही. व्हिक्ट्रॉनचे १२/१२ मध्ये १८ आणि ३० अँपिअरचे ओरायन येतात, रेडार्कचे २५ चे. इतरही आहेत. फक्त बॅटरीचा प्रकार निवडता येतो का आणि इंजिन चालू असल्याचा इशारा देणारी वायर जोडायची सोय आहे का, हे दोन मुद्दे पाहूनच घ्या.

सयाजीबाग
वडोदऱ्याहून रामराम. एक वेगळी वाट सुचवतो. डिकीत ६०० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर ठेवा, बोटीत घरचाच २३० व्होल्टचा १५ अँपिअरचा बॅटरी चार्जर. मधली केबल २३० व्होल्टची, म्हणजे प्रवाह जेमतेम सव्वा अँपिअर, तीन कोअरची साधी फ्लेक्झिबल वायरही पुरते. तोच चार्जर रात्री घरीही वापरता येतो. १५ × १४.४ म्हणजे २१६ वॅट, चार्जर आणि इन्व्हर्टरची गळती धरली तर गाडीवर सुमारे २९० वॅट, १२ व्होल्टला २४ अँपिअर. डीसी-डीसीलाही जवळपास तेवढेच लागतात.

रेवाकाठ
सयाजीबाग, हिशेब बरोबर आहे, पण २३० व्होल्ट ओल्या बोटीत नेणं मला पटत नाही. कारण सांगते. घरात ईएलसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) आपल्याला वाचवतो, कारण न्यूट्रल कुठेतरी जमिनीला बांधलेला असतो. गाडीतल्या बहुतेक छोट्या इन्व्हर्टरचं आउटपुट तरंगतं असतं, दोन्ही वायरी जमिनीपासून सुट्या. मग पुढे ईएलसीबी लावला तरी गळती त्याला दिसत नाही, तो पडत नाही. ॲल्युमिनियमचा हल (बोटीचं अंग), आत साचलेलं पाणी, ट्रेलरचे हादरे, आणि केबल कुठेतरी घासलेली. १२ व्होल्टला जास्तीत जास्त फ्यूज उडेल. इथे माणूस जाईल.

आणि ते २४ अँपिअर सिगारेट लायटरमधून घ्यायला जाऊ नका. त्याला १०-१५ अँपिअरचा फ्यूज असतो.

सयाजीबाग
मान्य. तरंगत्या आउटपुटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मग ही पद्धत इन्व्हर्टर, चार्जर आणि बॅटरी तिन्ही कोरड्या डिकीत असतील तरच वापरावी. बॅटरी उचलून गाडीत ठेवायची, बोट जाऊ दे मागून रिकामी.

देवास_नाका
बॅटरी उचलून डिकीत, ही युक्ती गरिबाघरची पण चोख आहे. मग इन्व्हर्टर तरी कशाला, डीसी-डीसी चार्जर डिकीतच बसवा आणि दीड मीटर वायरीवर काम भागवा. पण तुमची बॅटरी पाण्याची आहे, सिमरोळ_घाट. ती बंद गाडीत चार्ज करायची नाही. भरताना हायड्रोजन सुटतो, हवेत ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. शिवाय भेरूघाटाच्या वळणांवर आम्ल सांडलं तर गालिचा गेला आणि खालचा पत्राही गेला. एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) किंवा लिथियम असेल तरच डिकी.

खंडवा_रोड
लिथियमच घ्या ना मग. १०० अँपिअर-तासाची ११-१३ किलोत येते, लेड-ॲसिड २५-३० किलो. उचलायलाही सोपी.

अँपिअर_तास
लिथियम आयर्न फॉस्फेटचा फायदा वजनापेक्षा भरण्याच्या वेगात आहे. ती ३० अँपिअर शेवटपर्यंत घेते, दोन तासांत ६०. लेड-ॲसिड ८० टक्क्यांच्या पुढे हात आखडते. पण लिथियमला अल्टरनेटरवरून थेट वायर देणं हा गुन्हा समजा. तिचा आतला रोध इतका कमी की मिळेल तेवढा प्रवाह ती ओढते. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगते, बॉनेटखाली वारा नाही, आणि अल्टरनेटर पूर्ण क्षमतेवर. डायोड आणि वेटोळी तापून जळतात. दुसरं, भरता भरता बीएमएसने (लिथियम बॅटरीतलं संरक्षक सर्किट) अचानक बॅटरी तोडली तर अल्टरनेटरचा भार क्षणात नाहीसा होतो आणि व्होल्टेज उसळतं. त्यात गाडीचे इलेक्ट्रॉनिक भाग जातात. डीसी-डीसी चार्जर मध्ये असला की दोन्ही धोके टळतात.

सिमरोळ_घाट
खूप उपयोगी पडतंय. बॅटरी तूर्त तीच ठेवणार आहे, अजून चांगली आहे. मग १८ चा चार्जर की ३० चा? आणि बसवायचा कुठे, गाडीत की बोटीत?

अँपिअर_तास
१८ चा. पाण्याच्या लेड-ॲसिडला क्षमतेच्या एक दशांश ते एक पंचमांश प्रवाह बरा, म्हणजे १०० ला १० ते २०. ट्युब्युलर प्लेटची असेल तर कंपनी बहुतेक एक दशांशच सांगते, बॅटरीवरचा कागद वाचा. १८ ने दोन तासांत ३६ अँपिअर-तास आत जातील, त्यातले ३०-३२ परत मिळतील. पन्नास टक्क्यांवरून ८० च्या जवळ. हा टप्पा बॅटरी भराभर घेते. उरलेल्या २० टक्क्यांना चार-पाच तास लागतात, ते रात्री घरच्या चार्जरवर. दर वेळी ८० वरच सोडलंत तर प्लेटांवर सल्फेट धरतो आणि वर्षभरात क्षमता घसरते. ३० चा घेतलात तर गाडीवर ३९-४० अँपिअरचा बोजा, वायरी, फ्यूज, प्लग सगळं एक माप वर, आणि बॅटरी तो प्रवाह तशीही घेणार नाही.

ताम्रपट
जागेबद्दल. रूढ सल्ला असतो, चार्जर बॅटरीजवळ बसवा, म्हणजे तो खरं व्होल्टेज पाहतो. ट्रेलरच्या बोटीला मी उलटं सांगेन: गाडीत बसवा. हे चार्जर बहुतेक पाण्यात बुडायच्या दर्जाचे नसतात. ओरायन टीआर स्मार्ट आयपी४३ आहे, म्हणजे शिंतोडे चालतील, डुबकी नाही. घट्ट बंद डब्यात ठेवलात तर तापतो आणि स्वतःच प्रवाह कमी करतो.

राहता राहिला व्होल्टेजचा पडाव. चार्जरच्या पुढची वायर ५ मीटर धरू, जाऊन-येऊन १०. १० चौ. मिमीला रोध ०.०१७५ ओहम, १८ अँपिअरला ०.३ व्होल्ट. सुरुवातीला एवढा पडतो, पण शेवटी प्रवाह ३-४ वर येतो तेव्हा पडाव ०.०७ व्होल्ट. म्हणजे जिथे अचूक व्होल्टेज लागतं तिथे चूक जवळजवळ शून्य. मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या बाजूच्या पॅनेलवर, वारा लागेल असा, उभा बसवा.

रेवाकाठ
याला एक पुरवणी. असं केलं की प्लगची बोटीकडची बाजू कायम जिवंत असते, कारण ती थेट बॅटरीला जोडलेली. म्हणून त्या बॅटरीच्या प्लसपासून १५-१८ सेंटीमीटरच्या आत फ्यूज हवाच. आणि गाडीकडेही तसाच. बरेच जण एकाच टोकाला लावतात. वायर मधे चिरडली तर दोन्हीकडून आग पुरवायला बॅटऱ्या बसलेल्या आहेत.

देवास_नाका
फ्यूज ४० अँपिअरचा. १८ च्या चार्जरला आत २३ ते २७ लागतात, आणि १० चौ. मिमीच्या वायरीला ४० सहज झेपतात. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, चार्जरला नाही, हे डोक्यात ठेवा. मिडी किंवा बोल्टचा फ्यूज लावा, झाकण असलेल्या होल्डरात. स्वस्तातले लाल-काळे रिसेट बटणाचे ब्रेकर टाळा. उन्हात ते वाट्टेल तेव्हा पडतात, आणि आत संपर्क जळला की त्यांच्यातच एक-दीड व्होल्ट अडकतो.

खंडवा_रोड
वायर सियागंजात मिळेल ना?

ताम्रपट
मिळेल, पण तपासून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम वायर बाजारात भरपूर आहे, कार ऑडिओच्या पॅकिंगमधली तर हमखास. टोकाचा एक बारीक तंतू काढा आणि ब्लेडने हलकेच खरवडा. खरं तांबं आतपर्यंत लालच राहतं, मुलाम्याची आत चांदीसारखी पांढरी दिसते. तो तंतू दोन-तीनदा एकाच जागी वाकवा, ॲल्युमिनियम लवकर तुटतं. वजनावरूनही कळतं: १० चौ. मिमीच्या १० मीटर तांब्याचं नुसत्या धातूचं वजन ९०० ग्रॅमच्या जवळ असतं. मुलाम्याच्या वायरीत ते निम्म्यापेक्षा कमी भरतं. तिचा रोध दीडपटीच्या वर, आणि दमट जागी लगच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) आत ॲल्युमिनियम पांढरं पडून सांधा तापतो. बोटीत तर नकोच.

वेल्डिंगची केबल चालते का, असं कोणीतरी विचारेलच. चालते. बारीक तंतूंची, लवचिक, तांब्याची असते. तिच्यावर नागमोडी प्लास्टिक नळी चढवा, कारण रबराला तेल आणि ऊन सोसत नाही. १६ चौ. मिमीची सहज मिळते.

अँपिअर_तास
१६ घेताना एक सावधगिरी. गाडी आणि ट्रेलरमधली ही जाड वायर जोडायला-सोडायला जो अँडरसन प्लग वापरतात, त्याच्या ५० अँपिअरच्या मापात संपर्कनळीत ६ गेज, म्हणजे सुमारे १३ चौ. मिमीपर्यंतच तार मावते. १६ ची मावत नाही म्हणून काही कारागीर बाहेरचे तंतू कापून टाकतात. तिथेच सांधा तापतो आणि प्लग वितळतो. एक तर १० चौ. मिमी वापरा, नाहीतर १२० अँपिअरचा प्लग घ्या. इथे १० पुरेशी आहे.

लगवर षटकोनी डायच्या क्रिंपिंग टूलने दाब द्या, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक. हातोडीने ठोकलेला लग नको. सोल्डर एकट्याने करू नका: सोल्डर तारेत वर चढतं, तिथे ती कडक होते आणि ट्रेलरच्या हादऱ्यांनी नेमकी त्याच काठावर तुटते.

देवास_नाका
गाडीकडच्या जोडणीत दोन गोष्टी चुकतात. पहिली, निगेटिव्ह. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर काळी छोटी डबी दिसली तर तो सेन्सर आहे, बॅटरीत किती गेलं, किती आलं ते मोजणारा. आपली निगेटिव्ह थेट टर्मिनलवर लावली तर आपला प्रवाह त्याला दिसत नाही, कंप्युटरचा हिशेब चुकतो, आणि ऑटो स्टॉप-स्टार्ट वागायचं तसं वागत नाही. निगेटिव्ह नेहमी चासीच्या अर्थ बोल्टवर, सेन्सरच्या पुढे. पण बोटीपर्यंत दोन्ही वायरी स्वतंत्र न्या, टो-बॉलवर (ट्रेलर अडकवायचा गोळा) अर्थसाठी विसंबू नका. तिथे ग्रीस आणि गंज.

दुसरी, चालू-बंदचा इशारा. इग्निशनची वायर फ्यूजबॉक्समधून फ्यूज-टॅप घालून घ्या, हार्नेस सोलू नका. सोललेल्या हार्नेसवर वॉरंटीचं भांडण ठरलेलं. स्टॉप-स्टार्टची गाडी असेल तर सिग्नलला इंजिन बंद होतं पण इग्निशन चालू राहतं, म्हणून चार्जरमध्ये कमी व्होल्टेजला थांबण्याची सेटिंग १२ च्या आसपास ठेवा. बडवाहला चहाला थांबलात आणि किल्ली फिरवलेली राहिली, तरी गाडी पुन्हा सुरू होईल.

रेवाकाठ
अल्टरनेटर पुरेल का, हे कोणीच विचारलं नाही. त्याच्यावरची पट्टी वाचा. १२० अँपिअरचा असेल तर एसी, पंखा, हेडलाइट, डिझेलचा पंप मिळून ४०-५० गाडीच घेते. २५ आरामात निघतात. पण तो १२० हा आकडा थंड असताना आणि चांगल्या फेऱ्यांवरचा. आयडलवर निम्म्याहूनही कमी मिळू शकतो, म्हणून काठावर गाडी सुरू ठेवून बॅटरी भरत बसणं म्हणजे डिझेल जाळणं. त्यापेक्षा बोटीवर १०० वॅटचा सोलर पॅनेल आडवा टाका. माळव्याच्या उन्हात दिवसाला २५-३० अँपिअर-तास निघतात. पावसाळ्यात मात्र त्याच्यावर भिस्त नको.

खंडवा_रोड
थोडं अवांतर: भोपाळच्या मोठ्या तलावातल्या क्रूझ आणि मोटरबोटी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित अधिकरणाच्या आदेशाने बंद झाल्या ना? ट्रोलिंग मोटरला सूट असते का?

रेवाकाठ
मोटर कुठलीही असो, मोजणीच्या कामाला तलाव ज्या खात्याचा त्यांची लेखी परवानगी घ्यावीच लागते. आवाज आणि तेलाच्या बाबतीत विजेची मोटर बरी, हे खरं. पण इंदिरा सागरसारख्या ठिकाणी, जिथे जलाशय ९१३ चौ. किमीचा आहे आणि दुपारी वारा सुटला की लाटा उठतात, तिथे ट्रोलिंग मोटरवर परतायचा भरवसा ठेवू नये. आउटबोर्डची बॅटरी पूर्ण वेगळी, भरलेली, कोणीही न छेडलेली हवी.

सिमरोळ_घाट
म्हणजे रस्त्यातला चार्जर फक्त ट्रोलिंगच्या बॅटरीला, स्टार्टरच्या बॅटरीला काहीच नको?

अँपिअर_तास
काहीच नको. इंजिन सुरू करायला एक अँपिअर-तासही लागत नाही, आणि आउटबोर्डला चार्जिंगची वेटोळी असेल तर ते स्वतःच भरून काढतं. दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडायचा मोह टाळा. इकोसाउंडरही ट्रोलिंगच्याच बाजूला ठेवा.

ताम्रपट
केबलच्या मार्गाबद्दल राहिलं. चासीच्या आतल्या कडेने न्या, सायलेन्सर आणि डीपीएफच्या (डिझेलच्या धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) विरुद्ध बाजूने. डीपीएफ साफ होत असताना तिथली उष्णता प्लास्टिक नळी मऊ करते. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, दर ३० सेंमीवर रबर लावलेली क्लिप. टो-बॉलपाशी एवढी सैल ठेवा की पूर्ण वळणावर ताण येणार नाही आणि सरळ रस्त्यावर खाली घासणार नाही. भेरूघाटात सर्वात बिकट वळण दोन्ही दिशांना घेऊन पाहा.

बोटीत बॅटरी पट्ट्याने खिळवा. पाण्याच्या बॅटरीवर भरताना डब्याचं झाकण किंवा हॅच थोडं उघडं राहू द्या. विंगनटऐवजी (हाताने फिरवायचा पंखाचा नट) नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले) नट लावा, ट्रेलरवर विंगनट सैल होतोच.

देवास_नाका
आणि पाण्यात उतरवण्यापूर्वी प्लग काढा. दिव्यांचाही आणि बॅटरीचाही. तापलेला बल्ब गार पाण्यात गेला की फुटतो. बॅटरीचा प्लग लागलेला राहिला तर गाडीची चासी, ट्रेलर आणि बोटीची निगेटिव्ह एकत्र पाण्यात जातात. सांध्यात कुठे गळती असेल तर ॲल्युमिनियमचा हल खायला सुरुवात होते. रॅम्पवर उभं राहिलं की आधी प्लग, मग बोटीच्या तळाचं बूच लावलंय का ते, मगच पट्टे सोडा. गाळ मोजायला निघून स्वतःच गाळात जायला नको.

सिमरोळ_घाट
बूच लिहून ठेवलं! तर ठरलं: १८ चा डीसी-डीसी डिकीत, १० चौ. मिमी, दोन्ही टोकांना ४०, ५० चा अँडरसन, निगेटिव्ह चासीवर. जोडून झाल्यावर बरोबर झालंय हे कसं तपासू?

अँपिअर_तास
बॅटरी निम्मी उतरवून घ्या, इंजिन सुरू, फेऱ्या १५०० च्या वर. मल्टीमीटरचं एक टोक गाडीच्या बॅटरीच्या प्लसवर, दुसरं चार्जरच्या इनपुट प्लसवर. पूर्ण प्रवाहात फरक ०.३ व्होल्टच्या आत हवा. तसंच निगेटिव्हवर. मग फ्यूज होल्डरच्या दोन बाजूंना लावा, तिथे ०.१ च्या वर दिसलं तर नट सैल. वीस मिनिटांनी प्रत्येक लगला आणि प्लगला हात लावा. कोमट ठीक, चटका बसला तर तो सांधा पुन्हा क्रिंप करा. क्लँप मीटर घेणार असाल तर डीसी मोजणारा घ्या, साधा फक्त एसी मोजतो.

ताम्रपट
आणि अँडरसनच्या दोन्ही अर्ध्या भागांना रबरी टोपी घ्या. बोटीकडचा भाग तोंड खाली करून टांगा. खंडवा रोडची धूळ त्या संपर्कावर बसून ओली झाली की पहिल्या पावसातच हिरवा थर धरतो.